रानातल्या गोचिडींमध्ये लाइमचा जंतू पसरतो कसा?

रानवाटा:

गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाविषयी मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक माणसापासून सुरू होतं: चावा, लाल चट्टा, ताप, सांधे, औषधं. या धाग्यात मला चाव्याच्या आधीची गोष्ट मांडायची आहे. माणूस रानात पाऊल टाकायच्या कितीतरी आधी हा जंतू गोचिडींमध्ये कसा शिरतो, एखाद्या रानात ठाण मांडतो आणि शेजारच्या रानात वर्षानुवर्षं का जात नाही, ती गोष्ट. अमेरिकेच्या ईशान्य भागात गोचिडींच्या मोजणीत मी हातभार लावतो, त्यामुळे लिहितोय ते मुख्यतः तिकडचं. युरोपातली मंडळी इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

मला सांगायचंय ते एवढंच की गोचीड पसरणं वेगळं आणि जंतू पसरणं वेगळं. बातम्यांतले नकाशे बहुतेक वेळा पहिली गोष्ट दाखवतात आणि लोक दुसरी समजून घाबरतात, किंवा उलट, निर्धास्त राहतात.

थोडी पार्श्वभूमी. १९७५ च्या सुमारास कनेटिकट राज्यातल्या लाइम आणि आसपासच्या गावांत लहान मुलांचे सांधे सुजू लागले. हा योगायोग नाही, हे तिथल्या आयांनी लावून धरलं, म्हणून तपास झाला. १९८१ मध्ये शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर न्यूयॉर्क राज्यातल्या शेल्टर आयलंडवरून आलेल्या गोचिडी चिरून पाहत होते. गोचिडींच्या आतड्यात त्यांना नागमोडी वळणांचे जंतू दिसले. १९८२ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि पुढे जंतूला त्यांचंच नाव मिळालं, बोरेलिया बर्गडॉर्फेरी.

आता मुद्द्याचं. काळ्या पायांची गोचीड, म्हणजे इक्झोडिस स्कॅप्युलॅरिस, साधारण दोन वर्षं जगते आणि एवढ्या आयुष्यात तीनदाच पोटभर रक्त पिते. लार्वा म्हणजे अगदी पिल्लू असताना एकदा, निम्फ म्हणजे त्यापुढच्या अवस्थेत असताना एकदा, आणि पूर्ण वाढ झाल्यावर मादी एकदा. मादी अंडी घालते तेव्हा हा जंतू अंड्यांत उतरत नाही. त्यामुळे अंड्यातून निघालेला सहा पायांचा लार्वा कोरा असतो. त्याला जंतू मिळतो तो पहिल्या जेवणातून, आणि तोही ज्याचं रक्त प्यायलं तो प्राणी आधीच बाधित असेल तरच. ईशान्येकडे असा मुख्य प्राणी म्हणजे पांढऱ्या पायांचा उंदीर. तो एकदा बाधित झाला की बहुधा आयुष्यभर बाधित राहतो आणि वरकरणी अगदी ठणठणीत असतो.

म्हणजे गोचिडींची प्रत्येक नवी पिढी जंतूसाठी पाटी कोरी करून येते. रानातलं त्याचं अस्तित्व दर वर्षी उंदरामार्फत नव्याने उभं राहतं. ही साखळी एका जागी तुटली तर गोचिडी भरपूर असूनही जंतू मावळतो.

सुमेधा_क:

फार छान लिहिलंय. एक शंका. लार्वा कोरा असेल तर उंदराला बाधा करतं कोण? आणि उंदरांचं आयुष्य किती असतं? माझ्या वाचनाप्रमाणे रानात ते जेमतेम वर्षभर जगतात. मग दर वर्षी उंदीरही नवे, लार्वाही नवे. हिवाळ्यात जंतू राहतो कुठे?

रानवाटा:

सुमेधाताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. जंतू हिवाळा काढतो तो मुख्यतः गोचिडीच्या पोटात. उन्हाळ्याच्या शेवटी उंदरावर जेवलेला लार्वा कात टाकून निम्फ होतो आणि पुढच्या वसंतापर्यंत पाचोळ्याखाली निपचित पडून राहतो. जंतू त्याच्या आतड्यात तग धरतो. मग येतो खरा कळीचा भाग, ऋतूंचा क्रम. ईशान्येकडे निम्फ मे ते जुलैमध्ये रक्त शोधतात आणि त्या वर्षीच्या लार्वांचा जोर ऑगस्टच्या आसपास असतो. म्हणजे गेल्या वर्षीचे बाधित निम्फ आधी येऊन नव्या उंदरांना जंतू देतात, आणि लार्वा येईपर्यंत ते उंदीर तयार असतात. मोठी भावंडं धाकट्यांसाठी जंतू ठेवून जातात, उंदराच्या कातडीत.

हा क्रम उलटा असता, लार्वा आधी आणि निम्फ नंतर, तर बाधेचं प्रमाण खूप खाली राहिलं असतं. अमेरिकेतच वेगवेगळ्या भागांत हा क्रम सारखा नाही. मध्य-पश्चिमेकडे दोघांचे काळ एकमेकांवर बरेच येतात, आणि तिथल्या जंतूंचे प्रकारही थोडे वेगळे आढळतात.

पानगळ:

मग हरणांचं काय? सगळीकडे दोष हरणांवर येतो. आमच्या भागातल्या नागरी सभेत दर वर्षी हरणं कमी करा म्हणून वाद होतात.

रानवाटा:

हरीण गोचिडी वाढवतं, जंतू वाढवत नाही. दोन्ही शब्दशः खरं आहे. पूर्ण वाढलेल्या माद्या बहुतांशी पांढऱ्या शेपटीच्या हरणावरच जेवतात, तिथेच नर-मादी भेटतात, आणि एकेक मादी हजार-दोन हजार अंडी घालते. पण हरणाच्या रक्तात हा जंतू टिकत नाही, त्यामुळे हरणावर जेवलेल्या गोचिडीला त्याच्याकडून जंतू मिळत नाही.

मेन राज्यातल्या मोनहेगन बेटाचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं. तिथली सगळी हरणं १९९६ ते १९९९ दरम्यान काढून टाकली आणि पुढच्या काही वर्षांत गोचिडींची संख्या कोसळली. पण ते बेट होतं, बाहेरून हरणं यायचा प्रश्न नव्हता. मुख्य भूमीवर हरणं थोडीफार कमी करून तेवढाच परिणाम दिसेल असं कोणी सांगत असेल तर जपून ऐका. उरलेल्या हरणांवर गोचिडी दाटतात, संख्या लगेच उतरत नाही.

उत्तरायण:

ओंटारिओतून लिहितोय. इथे तर गोचीड आधी आणि जंतू नंतर हे डोळ्यांसमोर घडलं. १९९० च्या आधी कॅनडात या गोचिडीची पक्की वस्ती अशी माहीत होती ती एरी सरोवराकाठच्या लाँग पॉइंटला. नंतर दक्षिण ओंटारिओ, क्युबेक, नोव्हा स्कोशिया करत करत ती वर सरकली. माणसांतल्या रुग्णांची नोंद २००९ मध्ये १४४ होती, २०१९ मध्ये २,६३६.

संशोधक निक ऑग्डेन आणि सहकाऱ्यांचं काम इथे फार मोलाचं आहे. त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, वसंतात उत्तरेकडे येणारे पक्षी कोट्यवधी गोचिडी अंगावर घेऊन येतात. म्हणजे बियाणं दर वर्षी पडतंच आहे, सीमेच्या कितीतरी आत. दुसरी, ते रुजणार की नाही हे उष्णतेवर ठरतं. उन्हाळा आखूड आणि थंड असेल तर लार्वा ते निम्फ, निम्फ ते मोठी गोचीड हे टप्पे इतके रेंगाळतात की वाढ पुरी व्हायच्या आत बहुतेक मरून जातात. वर्षभरातली उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली की तोच प्रदेश अचानक राहण्याजोगा होतो.

आणि रानवाटा म्हणतात ते नेमकं दिसतं: नव्या वस्तीत सुरुवातीला बाधेचं प्रमाण अगदी कमी असतं. काही वर्षं गोचिडी नुसत्याच वाढत राहतात. मग जंतूची साखळी जुळते आणि प्रमाण चढतं. एखाद्या ठिकाणी गोचिडी तपासल्या, फारशी बाधा मिळाली नाही, म्हणून फाइल बंद केली, तर पाच वर्षांनी तिथलं चित्र पार बदललेलं असू शकतं. माझा आग्रह आहे तो याच गोष्टीसाठी, तपासणी त्याच जागी पुन्हापुन्हा व्हायला हवी.

सरळमार्गी:

थोडक्यात हवामानबदल. बाकी सगळा तपशील आहे.

रानवाटा:

नाही, इतकं सरळ नाही. उत्तरेकडच्या टोकाला उष्णता निर्णायक आहे, उत्तरायण यांनी ते नीट मांडलंय. पण कनेटिकट किंवा न्यूयॉर्कमध्ये हा जंतू गरम झाल्यामुळे आला नाही. याल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये जंतूच्या जनुकसंचांची तुलना करून दाखवलं की तो उत्तर अमेरिकेत निदान साठ हजार वर्षं आहे. माणसात साथ दिसली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मधल्या काळात बदललं ते रान. शेतीसाठी जंगलं तोडली गेली, शिकारीने हरणं जवळजवळ संपली, गोचिडी कुठेकुठे तुरळक उरल्या. पुढे शेती पश्चिमेकडे सरकली, सोडलेल्या शेतांवर झाडी परत आली, हरणं परत आली आणि त्यांच्यामागे गोचिडी. त्यातच माणसाने झाडीला लागून घरं बांधली. न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडच्या माँटॉक भागातून १९४० च्या दशकात गोळा करून संग्रहालयात ठेवलेल्या गोचिडींमध्येही या जंतूचा डीएनए सापडला आहे, म्हणजे रोगाला नाव मिळायच्या तीस वर्षं आधी.

शिवाय नुसत्या उष्णतेने प्रश्न सुटत असता तर अमेरिकेचा दक्षिण भाग या रोगाचं माहेरघर असायला हवा होता. गोचीड तीच आहे तिथेही. पण तिथे माणसात लाइम कमी आहे.

कातळ:

ते सरड्यांमुळे, बरोबर ना? मी कॅलिफोर्नियात राहते, आमच्याकडची गोष्ट सांगते. इथली गोचीड वेगळी, इक्झोडिस पॅसिफिकस, आणि तिची पिल्लं मोठ्या प्रमाणात वेस्टर्न फेन्स लिझर्ड नावाच्या सरड्यावर जेवतात. हा सरडा आमच्या टेकड्यांवर उन्हात दगडावर बसलेला कायम दिसतो. पोटाला निळे पट्टे, आणि नीट पाहिलं तर कानाजवळच्या खळगीत गोचिडींची पिल्लं ओळीने चिकटलेली. रॉबर्ट लेन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की याच्या रक्तातली प्रथिनं जंतूला मारतात. नुसतं एवढंच नाही की सरडा बाधित होत नाही. आधीच बाधित असलेला निम्फ सरड्यावर जेवला तर त्या निम्फच्या पोटातला जंतूसुद्धा साफ होतो!

रानवाटा:

कातळताई, धन्यवाद, हे लिहायचंच होतं. दक्षिणेकडेही निम्फ सरड्यांवर आणि सापसुरळीच्या जातींवर जास्त जेवतात. आणखी एक कारण म्हणजे तिथले निम्फ पाचोळ्याच्या वर चढत नाहीत, आतच राहतात, त्यामुळे माणसाच्या पायाला लागत नाहीत. वरचा थर तापून कोरडा होतो, आणि गोचिडीला सगळ्यात मोठी भीती सुकण्याची.

फक्त एक जोडतो. सरडे जंतू मारतात म्हणजे सरडे वाढले की धोका कमी, असा निष्कर्ष लोक काढतात. कॅलिफोर्नियात संशोधकांनी रानाच्या काही तुकड्यांतून सरडे हलवून पाहिले, २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. अपेक्षा होती की बाधित गोचिडी वाढतील. प्रत्यक्षात बऱ्याच लार्वांना दुसरा प्राणीच मिळाला नाही आणि गोचिडींची एकूण संख्या उतरली. म्हणजे सरडा जंतूला मारतो पण गोचिडीला पोसतो. दोन्ही एकाच वेळी.

निरंजन_वाचक:

वाचतोय. मोजता कसे हे जरा सविस्तर सांगाल का? प्रमाण अमुक टक्के वगैरे वाचतो तेव्हा ते कुठून येतं ते कळत नाही.

रानवाटा:

साधन अगदी साधं आहे. पांढऱ्या फ्लॅनेलचा साधारण एक चौरस मीटरचा तुकडा, एका कडेला शिवलेली काठी, काठीला दोरी. पाचोळ्यावरून, झुडपांच्या कडेने तो संथपणे ओढत जायचं. गोचिडी उडी मारत नाहीत, झाडावरून पडत नाहीत. गवताच्या किंवा पानाच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसतात आणि जे घासून जाईल त्याला धरतात. दर दहा-वीस मीटरवर थांबून कापड उलटं करून बोट न लावता डोळ्यांनी विंचरायचं. निम्फ खसखशीच्या दाण्याएवढा असतो. पहिल्या नजरेला कचरा वाटतो, आणि मग तो कचरा चालू लागतो. चिमट्याने उचलायचा, अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा, कुपीवर जागा आणि तारीख. लार्वांचा घोळका लागला तर चिमटा कामाचा नाही, चिकटपट्टी लावून उचलावे लागतात. दव असताना ओढलं तर कापड भिजतं आणि गोचिडी धरत नाहीत, म्हणून ऊन वर येईपर्यंत थांबायचं. पुढे प्रयोगशाळेत एकेका निम्फचा डीएनए काढून त्यात जंतूचा अंश आहे का ते पीसीआर या चाचणीने पाहतात.

त्यातून दोन आकडे निघतात आणि ते कधीही एकमेकांत मिसळू नयेत. एक, तपासलेल्या निम्फपैकी किती टक्के बाधित. दुसरा, शंभर चौरस मीटरमध्ये किती बाधित निम्फ. समजा एका रानात एवढ्या जागेत दोनच निम्फ आहेत आणि ३० टक्के बाधित, तर बाधितांची घनता ०.६. दुसऱ्या रानात दहा निम्फ आणि १५ टक्के बाधित, तर १.५. टक्केवारी निम्मी, पण धोका अडीचपट. बातमीत छापतात टक्केवारी. जंगलात चालणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे घनता.

ईशान्येकडे ढोबळमानाने निम्फपैकी चार-पाचातला एक आणि मोठ्या गोचिडींपैकी सुमारे निम्म्या बाधित सापडतात. मोठ्यांत जास्त, कारण त्यांची दोन जेवणं झालेली असतात. तरी माणसाला बहुतेक बाधा निम्फमुळे होते. तो दिसत नाही, आणि त्याचा मोसम हाच माणसांच्या भटकंतीचा मोसम.

ऋतुगंध:

जर्मनीतून. आमच्याकडे चित्र आणखी गुंतागुंतीचं, कारण जंतू एक नाही, जवळच्या जातींचं कुटुंबच आहे. गोचीड मुख्यतः इक्झोडिस रिसिनस. बोरेलिया अफ्झेली उंदीरवर्गात फिरतो, बोरेलिया गारिनी पक्ष्यांत. कोणाचं रक्त कुठल्या जातीला मारतं यावर ही वाटणी ठरते. त्यामुळे पसरण्याचा वेगही वेगळा असतो. उंदीर आपलं शिवार फारसं सोडत नाही, पक्षी समुद्र ओलांडतो. गारिनी तर समुद्रपक्ष्यांवरच्या गोचिडींतून दोन्ही गोलार्धांत आढळला आहे.

उंचीबाबतही आकडे आहेत. चेक प्रजासत्ताकातल्या डोंगरांत गोचीड पूर्वी साधारण ७०० मीटरपर्यंत मिळायची, नंतरच्या पाहणीत ती १,१०० मीटरच्या आसपास सापडू लागली. स्वीडनमध्ये ती उत्तरेकडे सरकली आहे, रो-हरणं वाढल्याचाही त्यात हात आहे. म्हणून सरळमार्गींना माझंही उत्तर तेच: उष्णता आहे, पण एकटी नाही.

सुमेधा_क:

ओपॉसम हा अमेरिकेतला पोटपिशवीवाला प्राणी हजारो गोचिडी खाऊन टाकतो असं फिरत असतं, ते खरं आहे का? आणि जैवविविधता जास्त असली की लाइम कमी, हे?

ऋतुगंध:

ओपॉसमचा तो आकडा पिंजऱ्यातल्या प्रयोगावरून काढलेला अंदाज होता. पुढे रानातल्या ओपॉसमांची पोटं तपासली तर त्यात गोचिडी मिळाल्या नाहीत. मी तरी तो दावा पुढे पाठवत नाही.

रानवाटा:

जैवविविधतेबद्दल: न्यूयॉर्क राज्यातल्या मिलब्रुकच्या कॅरी इन्स्टिट्यूटचे रिचर्ड ऑस्टफेल्ड आणि बार्ड कॉलेजच्या फेलिशिया कीसिंग यांनी ही कल्पना पुढे आणली. रानात जंतू न देणारे प्राणी अनेक असतील तर गोचिडींची जेवणं त्यांच्यात वाटली जातात आणि बाधा विरळ होते. रानाचे लहान तुकडे पडले की बाकीचे प्राणी जातात, उंदीर उरतो. मला यात तथ्य वाटतं, पण सर्वत्र लागू होणारा नियम म्हणून नाही. इतर अभ्यासकांचे यावर रास्त आक्षेप आहेत, आणि वरचं सरड्याचं उदाहरण त्यातलंच.

त्याच गटाचं मला जास्त भरवशाचं वाटणारं काम ओकच्या फळांवरचं आहे. ज्या शरदात ओक भरभरून फळतात, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात उंदीर वाढतात, आणि त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात बाधित निम्फ. म्हणजे झाडाखालचा सडा पाहून दोन वर्षांनंतरच्या धोक्याचा अंदाज बांधता येतो.

पानगळ:

मग उपाय काय करायचा? फवारणी?

रानवाटा:

न्यूयॉर्क राज्यातल्या डचेस काउंटीत याच गटाने मोठा प्रयोग केला. काही वस्त्यांत घरांभोवती गोचिडी मारणाऱ्या बुरशीची फवारणी आणि उंदरांसाठी कीटकनाशकाच्या पेट्या, काहींत नुसता देखावा, म्हणजे औषधाविना तेच सगळं. औषध वापरलं त्या वस्त्यांत गोचिडी साधारण निम्म्यावर आल्या. पण माणसांतल्या रुग्णसंख्येत ठोस फरक दिसला नाही. हा निकाल निराशाजनक असला तरी तो प्रामाणिकपणे छापला गेला, याबद्दल मला त्या मंडळींविषयी आदर आहे.

दुसरी वाट आहे गोचीड सोडून थेट जंतूवर घाव घालण्याची. गोचिडीच्या आतड्यात असताना जंतूच्या अंगावर ओस्पए नावाचं प्रथिन असतं. गोचीड रक्त पिऊ लागली की ते कमी होतं आणि ओस्पसी हे दुसरं प्रथिन येतं, जंतू लाळग्रंथींकडे निघतो. या प्रवासाला वेळ लागतो, म्हणूनच गोचीड चोवीस तासांच्या आत काढली तर बाधेची शक्यता फार कमी असते. उंदराला आमिषातून ओस्पएची लस दिली तर त्याच्या रक्तातली प्रतिपिंडं गोचिडीच्या पोटात जाऊन जंतूला तिथेच मारतात. न्यूयॉर्क राज्यातल्या प्रयोगात अशा आमिषाने निम्फमधलं बाधेचं प्रमाण दोन वर्षांत २३ टक्क्यांनी आणि पाच वर्षांत ७६ टक्क्यांनी घटलं.

उत्तरायण:

पहिल्या दोन वर्षांत एवढं कमी का?

रानवाटा:

कारण पहिल्या उन्हाळ्यात येणारे निम्फ आदल्या वर्षीच जेवून बाधित झालेले असतात. लस दिलेल्या उंदरांवर जेवलेले लार्वा निम्फ होऊन मोजणीत येतात ते पुढच्या वर्षी. आणि नवे उंदीर दर मोसमात जन्मतात, त्यांनी आमिष खाण्याआधी निम्फ चावला की साखळी चालूच. त्यामुळे असं काम वर्ष-दोन वर्षांचा निधी देऊन तपासू नये.

कातळ:

आणि चिचुंद्र्या विसरू नका. ईशान्येकडच्याच एका अभ्यासात बाधित गोचिडींपैकी उंदरांनी पोसलेल्या साधारण पाव निघाल्या होत्या. निम्म्याहून जास्त वाटा दोन जातींच्या चिचुंद्र्यांचा होता. त्या पिंजऱ्यात सहज सापडत नाहीत, म्हणून चर्चेतही येत नाहीत. उंदरासाठी बनवलेलं आमिष कीटकांवर जगणारी चिचुंद्री खाईल का?

रानवाटा:

धान्याचं असेल तर तिच्यावर भिस्त ठेवता येणार नाही. तुम्ही म्हणता तो २००८ चा अभ्यास मलाही महत्त्वाचा वाटतो, आणि जागेनुसार हे प्रमाण बदलतं. एखाद्या रानात आमिष टाकायच्या आधी तिथल्या गोचिडी कोणावर जेवल्या हे तपासणं हेच पहिलं काम. निम्फच्या पोटात उरलेल्या रक्ताच्या अंशावरून ते शोधायच्या पद्धती आहेत. त्यावर वेगळा धागा काढतो, इथे खूप लांबलं.

निरंजन_वाचक:

काढाच. मी कापड ओढायला स्वयंसेवक म्हणून जाता येईल का ते इथल्या विद्यापीठात विचारतो आहे.

रानवाटा:

जरूर विचारा. फिकट रंगाची पँट घाला, पायमोज्यात खोचा, आणि परत आल्यावर कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये कडक तापवा. नुसत्या गार पाण्याच्या धुण्याने गोचिडी मरत नाहीत, कोरड्या उष्णतेने मरतात.